तांदळाचे नाव काय?

परगावी गेलेल्या माणसाला शहर डोळ्यांनी दिसते, पण ते कळते मात्र जिभेने. आमच्या झाडीपट्टीतली मंडळी रात्रभर गाडीत डुलक्या घेत मुंबईला उतरतात, गेटवे पाहतात, राणीच्या बागेत पेंग्विन पाहतात, चौपाटीवर भेळ खातात आणि “मुंबई झाली” म्हणून परततात. यंदा आमच्या घरच्या तरुण मंडळींनी त्या यादीत एक कलम वाढवले. जपानी जेवण!

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 2004 साली ‘वासाबी’ नावाचे जपानी उपाहारगृह निघाले, तेव्हा ती बड्या लोकांची चैन होती. आता लहानसहान जपानी खाणावळीही निघाल्या आहेत. अशाच एकीत आम्ही सहाजण शिरलो. पुढ्यात आल्या दोन-दोन काड्या. त्या बांबूच्या पाहून भाऊजींना घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांबूची ताटवे होतात, टोपल्या होतात, बल्लारपूरला त्याचा कागद होतो आणि पावसाळ्यात कोवळ्या वास्त्यांची भाजीही होते. पण त्याने घास उचलायचा, हे भाऊजींना नवीन होते. मग ताटलीतल्या हिरव्या गोळीला चटणी समजून त्यांनी ती सबंध तोंडात टाकली. ती निघाली वासाबी! मिरची जिभेला लागते, ही थेट नाकात चढते. पुढची पाच मिनिटे भाऊजी बोलले नाहीत, आणि ताई म्हणाल्या, हे जेवण मला आवडले.

सुशी म्हणजे नुसती कच्ची मासोळी, असा आपल्याकडे समज आहे. तसे नाही. सुशीचा जीव भातात आहे. पूर्वी तिकडे मासा टिकवण्यासाठी तो भातात महिनोन् महिने दाबून ठेवीत. भात आंबे, मासा टिके, आणि खाताना तो भात टाकून देत. पुढे आंबवण्याची वाट पाहण्याऐवजी भातातच सिरका घालू लागले आणि भातही खाऊ लागले.

हे सारे त्या जाणकार पोरांनी सांगितले. पण खरा प्रश्न विचारला तो मावशींनी. नागभीडकडच्या बांधीत पऱ्हे लावता लावता ज्यांची हयात गेली, त्यांनी मासा बाजूला सारला, दोन शिते बोटांत चुरली आणि म्हणाल्या, “बाबू, हा कोनता धान व्हय?”

वाढणाऱ्या पोराने आत जाऊन विचारून आणले: कोशिहिकारी.

या कोशिहिकारीची वंशावळ मोठी मौजेची आहे. 1956 साली नाव मिळालेल्या या वाणाच्या पूर्वजांत ‘कामे-नो-ओ’ नावाचा एक तांदूळ आहे. 1893 साली यामागाता प्रांतात थंडीने भाताचे पीक झोपले असता आबे कामेजी नावाच्या शेतकऱ्याला तीन लोंब्या ताठ उभ्या दिसल्या. त्याने त्या मागून नेल्या, जपल्या, वाढवल्या. शब्दशः अर्थ ‘कासवाचे शेपूट’. पण त्यातला ‘कामे’ हा त्या कामेजीचाच. म्हणजे सव्वाशे वर्षे उलटली तरी त्या शेतकऱ्याचे नाव तांदळावर आहे.

बरोबर नव्वद वर्षांनी, 1983 साली, मावशींच्याच नागभीड तालुक्यात नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना आपल्या ‘पटेल-3’ धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. शाळा तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. त्यांनीही त्या लोंब्या जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या. दाणा बारीक, भात चवदार. व्यापाऱ्याने त्याला नाव दिले ते त्या वेळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे: एचएमटी! आणि ती घड्याळे 1961 पासून बनू लागली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. पाहा, जपान आमच्या ताटात सुशीच्या आधीच येऊन बसला होता!

दादाजींनी पुढे नांदेड-92, नांदेड-हिरा, विजय नांदेड असे आणखी वाण काढले. 2005 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2010 साली ‘फोर्ब्स’ मासिकाने नाव घेतले. पण एचएमटी देशभर विकला गेला त्यातला पैसा दादाजींच्या घरी आला नाही. अखेरचे दिवस आजारात आणि ओढाताणीत काढून 3 जून 2018 रोजी ते गेले. शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येईल असा कायदा 2001 साली झाला. तोवर एचएमटी गावोगावच्या दुकानांत पोचला होता. घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला. घड्याळ थांबले, तांदूळ चालू आहे. पण पोत्यावर नाव अजून घड्याळाचेच!

मावशींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “दादाजीचा धान त मी लावला हाये. नाव मातर आता समजला.”

वाचकहो, पूर्व विदर्भात दिवाळीच्या सुमारास नवे धान घरी येते, मग गावोगाव मंडई भरते, नाटके रंगतात. जपानी भात जरूर खा. काड्यांनी खा, हाताने खा. पण वाण्याकडे एचएमटी मागाल तेव्हा घरच्या पोरांना एवढे सांगा, की हा तांदूळ घड्याळवाल्याचा नव्हे, नांदेडच्या दादाजींचा. पैसा देणे आता आपल्या हाती नाही; नाव घेणे आहे.