दाखला काढा, पण दाखल्यावर थांबू नका

तालुक्याच्या गावी लोकांचे अर्ज भरून द्यायला बसलं की एक वाक्य सारखं कानावर येतं. ‘पोरीला ऐकू कमी येतं, पण दाखला काढला नाही. उद्या तिचं लग्नाचं बघायचंय, उगीच नावावर शिक्का कशाला?’ असं म्हणणारे आईबाप निष्काळजी नसतात. त्यांना लोकांची धास्ती असते, आणि ती अगदीच खोटी आहे असंही नाही. तरी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे, दिव्यांगत्वाचा दाखला काढा. तो गावभर मिरवायचा कागद नाही, तुमच्याच कपाटात राहणार आहे. पण तो नसेल तर शाळेतली सवलत, श्रवणयंत्र, सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागा, यातलं काहीच पोरीच्या वाट्याला यायचं नाही. आणि लग्नात लपवलेली गोष्ट पुढे उघडी पडली की सासरी सोसावं लागतं ते तिलाच.

दुसरी अडचण म्हणजे आपण दिव्यांगांत बसतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आले, पार्किन्सन आला, अ‍ॅसिड हल्ल्यात होरपळलेले आले, लिहिण्यावाचण्यात अडणारी अध्ययन अक्षमतेची मुलं आली. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलची घरंच्या घरं आहेत. दर काही महिन्यांनी रक्त चढवायला दवाखाना गाठणाऱ्या या माणसांना, हातपाय धड आहेत म्हणून, आपण दिव्यांग कायद्यात येतो हे कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर आजच सांगा.

दाखला आता ऑनलाइनच निघतो. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि तपासणीसाठी सरकारी रुग्णालय निवडायचं. तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. ते देशभर चालतं. जुना हाताने लिहिलेला दाखला असेल तर तोही ऑनलाइन करून घ्या. अर्जाला सरकारी फी नाही. बाहेर कुणी ‘टक्केवारी वाढवून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. खोट्या दाखल्यांची तपासणी आता कडक झाली आहे, आणि त्यात सापडतो तो दलाल नव्हे, दाखल्यावर ज्याचं नाव आहे तो.

तपासणीच्या, म्हणजे वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग असते. बाप पाठुंगळी पोरगा घेऊन उभा, आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दहा वर्षांची कागदं. नंबर आला की डॉक्टर विचारतात, ‘आधीचे रिपोर्ट?’ पिशवीतून निघतात ती औषधांची बिलं. म्हणून घरूनच कागद लावून न्या. वर जन्मानंतरचं डिस्चार्ज कार्ड, मग तपासण्या, शेवटी ताजी चिठ्ठी. लहान मुलाच्या कानाचं असेल तर बहुधा बेरा तपासणी सांगतात. ती करताना मूल झोपलेलं किंवा अगदी शांत लागतं, त्यामुळे एका खेपेत काम होईल असं धरून जाऊ नका. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर दोन्ही विभागांत तपासणी मागा. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, पण एकूण आकडा वाढू शकतो. बहुतेक योजनांना किमान 40 टक्के लागतात, म्हणून हा आकडा फार मोलाचा. निकाल पटला नाही तर कायद्याने अपील करता येतं. तात्पुरता दाखला असेल तर त्यावरची मुदत घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता दाखल्यानंतरचं. कार्ड हातात आलं की लोकांना वाटतं, सरकारला कळलं, आता पैसे येतील. आपोआप काही येत नाही. प्रत्येक गोष्टीचं कार्यालय वेगळं, अर्ज वेगळा. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे, आणि ऑक्टोबर 2025 पासून त्यांचं अनुदान महिना 2500 रुपये झालं आहे. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही, बँक खातं आधारला जोडलं नाही, की पैसे अडकतात. आखडलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही म्हणून मुलाचं आधार काढून देत नाहीत, असं सांगणारी आई मला अनेकदा भेटते. बाई, ठसा आलाच पाहिजे असा नियम नाही. डोळ्यांवरून नोंद होते, तेही जमत नसेल तर अपवाद म्हणून नोंद करायची सोय आहे. केंद्रावर ती ठामपणे मागा.

चाकाची खुर्ची, कुबड्या, श्रवणयंत्र यांच्यासाठी केंद्राची अ‍ॅडिप योजना आहे. महिन्याचं उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत मिळतं. त्याची शिबिरं भरतात. पुढचं केव्हा, हे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात विचारत राहा. दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण प्रस्ताव शाळेमार्फत परीक्षेच्या बराच आधी जावा लागतो. जानेवारीत धावपळ करणाऱ्या पालकांचे चेहरे बघवत नाहीत. मुख्याध्यापकांना शाळा सुरू होतानाच लेखी कळवा.

मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांशी मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं. ज्या मुलाला घास भरवावा लागतो त्याच्या वतीने सही करण्याचा तुमचा अधिकार त्या दिवसापासून आपोआप राहत नाही. बँकेत अडतं, जमिनीच्या वाटणीत अडतं. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्या. मूल सतरा वर्षांचं झालं की कागद जमवायला लागा. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न रात्री झोप उडवतो हे मी जाणतो. भाऊ-बहीण, काका-मावशी यांच्याशी तुम्ही हिंडतेफिरते आहात तोवरच बोला आणि ठरलेलं कागदावर आणा. याच चार गटांसाठी निरामय विमा आहे. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. नुसता मानसिक आजार असेल तर मात्र राष्ट्रीय न्यास कायदा लागू होत नाही.

आणि एक हक्काची गोष्ट तुमच्या गावातच आहे. ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. किती गावांत हा पैसा माणसापर्यंत पोचतो? जिथे कुणी मागतं तिथेच. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या: मागच्या वर्षी किती रक्कम होती, कुणाला दिली, यादीत माझं नाव आहे का. तोंडी विचारलेल्याला तोंडीच उत्तर मिळतं, आणि ते दुसऱ्या दिवशी बदलतं. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. कारकून ‘ठेवून जा’ म्हणाला तरी पोच मिळाल्याशिवाय उठू नका. दाद लागली नाही तर पोचेची प्रत जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवा. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कायद्याने राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना दिले आहेत.

ज्यांच्या घरी असं कुणी नाही, पण हातात स्मार्टफोन आहे आणि चार ओळी लिहिता येतात, त्यांनीही हे काम उचलावं. आशाताईंना, अंगणवाडीताईंना वस्तीतली अशी घरं माहीत असतात. त्यांना विचारा, एका घरी जा, तिथेच बसून अर्ज भरा, आणि तपासणीची तारीख मिळाली की त्या दिवशी गाडी आणि सोबत, दोन्ही द्या. पुढची ग्रामसभा कधी आहे तेही बघून ठेवा. 5 टक्के निधीचा विषय पत्रिकेवर घ्या, असा अर्ज त्याआधीच दिलेला बरा.