खणांची घरे

कौलारू घर पाडून स्लॅब टाकणे म्हणजेच प्रगती, अशी समजूत आजऱ्यासारख्या गावांतही आता रूढ झाली आहे. पाडलेल्या घराचे खांब आणि तुळया मात्र चांगल्या भावाने विकल्या जातात. जे लाकूड आणखी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल म्हणून गिऱ्हाईक मोल मोजते, तेच घरात उभे असताना आपल्याला टाकाऊ का वाटावे?

या घरांचा भार मुख्यतः खांब, तुळया आणि कड्या यांच्या सांगाड्यावर असतो. खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराचे माप खणांत सांगण्याची आपली रीत त्यातूनच आली. खांबाखालचा दगड ओल लाकडापर्यंत चढू देत नाही आणि पुढे आलेली वळचण घाटमाथ्याचा पाऊस भिंतीवर पडू देत नाही. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले असल्याने किडलेली तुळई तेवढी काढून नवी घालता येते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जड भिंती कोसळल्या, तरी अनेक घरांतील लाकडी खण उभे राहिले. या रचनेला वाळवीचे आणि आगीचे भय आहे, हे खरेच. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले. परंतु तो निगराणीचा प्रश्न आहे, पाडापाडीचे समर्थन नव्हे.

इंग्लंडातही ओकच्या सांगाड्यात कामट्या विणून, वर माती लिंपून घरे बांधली जात. ससेक्समधील आल्फ्रिस्टन येथील धर्मगुरूंचे असे एक मोडकळीस आलेले घर नॅशनल ट्रस्टने १८९६ साली अवघ्या १० पौंडांना घेतले. त्या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली वास्तू. ती राजवाडा नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे मात्र जतन म्हटले की किल्ले आणि देवळेच आठवतात. साध्या घराच्या मालकाला सक्तीने अडविणे अन्यायाचे होईल. वाटण्या, गळती आणि दुरुस्तीचा खर्च त्यालाच सोसावा लागतो. म्हणून दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज आणि जाणत्या सुतारांच्या हाताखाली तरुणांना शिक्षण, एवढे तरी शासनाने करावे. तोवर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावातील जुन्या घरांचे खण मोजावेत, लाकूड व सांधे यांची नोंद करावी. घर पडल्यावर लाकडाचा भाव कळतो. ते बांधण्याची विद्या मात्र बाजारात मिळत नाही.