मागून आणलेली वेल



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत तुळस, गुलाब आणि कढीलिंब यांची गाऱ्हाणी नेहमीचीच. यंदा मात्र सर्वांवर ताण केली ती मनीप्लँटने. कुणाच्या वेलीची पाने बारीक होत चालली आहेत, कुणाची पिवळी पडून गळताहेत, कुणाच्या पानांवरचे सोनेरी पट्टे नाहीसे झाले आहेत. एका भगिनीने तर सरळच विचारले आहे, "वेल छतापर्यंत गेली, पण पैसा कुठे आहे?" या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरची मंडळीही शोधीत आहेत. बाकीच्यांची उत्तरे आज देते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत या वेलीला मान मिळावा हे योग्यच. गंमत अशी की, आपण जिला लक्ष्मीची मानतो तिला इंग्रजीत ‘सैतानाची वेल’ असेही नाव आहे. का, तर अंधाऱ्या कोपऱ्यात टाकली तरी हिरवी राहते आणि मारता मरत नाही! तिचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. ऑरियम म्हणजे सोनेरी. माहेर पार पॅसिफिक महासागरातले, ताहितीच्या शेजारचे मोरेआ बेट.

पण हिला फूल आलेले तुमच्यापैकी कुणी पाहिले आहे काय? पाहिलेले नसणारच. लागवडीतल्या वेलीला आपणहून फूल आल्याची शेवटची ज्ञात नोंद १९६४ सालची आहे. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य हिला स्वतःला पुरेसे तयार करता येत नाही, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. ते बाहेरून पुरविल्यावर फुले आली. आता फूल नाही म्हणजे बी नाही. तेव्हा तुमच्या खिडकीतली वेल, मग ती शेजारणीकडून आणलेली असो की रोपवाटिकेतून, कुणाच्या तरी वेलीचा तुकडाच असते. अशी हातून हातात जातच ही पसरली.

‘चोरून आणलेलीच वेल फळते’ असे म्हणतात. त्यात तथ्य नाही, उलट तोटाच आहे. चोर घाईत असतो. तो पान खुडून पळतो. नुसते पान पाण्यात महिनोन् महिने टवटवीत राहील, प्रसंगी मुळेही धरील, पण त्यातून वेल निघणार नाही. नवा फुटवा निघतो तो पेरापासून. पेरापाशी तपकिरी रंगाचे एक बारीक टोक दिसते, ते मुळाचे. त्याच्या खाली बोटभर अंतरावर कापावे. म्हणून म्हणते, चोरू नका. मागून घ्या, म्हणजे देणारी नीट पाहून, कात्रीने कापून देईल. दोन-तीन आठवड्यांत पाण्यात मुळे फुटतात, मग कुंडीत लावावी.

कुंडीला खाली भोक हवेच. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहावे. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच घालावे. पाने पिवळी पडण्याचे कारण बहुतेक वेळा तहान नसून अतिप्रेम असते. घरातले प्रत्येक माणूस येता-जाता पेलाभर ओतते आणि मुळे कुजतात. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी आणखी कमी करावे. उजेड भरपूर असावा, पण दुपारचे ऊन अंगावर नको, पाने करपतात. उजेड फारच कमी पडला की सोनेरी पट्टे पुसट होऊन पान हिरवेच राहते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसा. रस्त्यावरची धूळ आपल्याला नको तशी तिलाही नको.

आता बाटलीतल्या वेलीविषयी, आणि हे जरा कान देऊन ऐका. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास बाहेर पडतात. दिवाळीचे दिवस म्हणजे पावसाळा नुकताच सरलेला, डेंग्यूचा जोर असलेले. फराळाच्या गडबडीत शोकेसवरच्या बाटलीकडे कोण पाहतो? तेव्हा वार ठरवून टाका. आमच्याकडे शनिवार आहे. त्या दिवशी पाणी नुसते भरावयाचे नाही. ते पूर्ण ओतून, बाटली आतून ब्रशने घासून मग नवे भरावयाचे, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम.

दुसरी सावधगिरी रांगत्या मुलांची. ही वेल अळू-सुरणाच्या कुळातली आहे. अळू कच्चे राहिले की घसा खाजतो, तो त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक हिच्या पानांतही असतात. अळूला आपण चिंच घालून शिजवतो; हिला मात्र पानात स्थान नाही. मुलाने किंवा मांजराने चावली तर तोंडाची आग होते, म्हणून त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

हिच्यामुळे घरातली हवा शुद्ध होते, असे हल्ली पुष्कळ ठिकाणी छापून येते. त्याचे मूळ अमेरिकेतल्या नासा या संस्थेच्या १९८९ सालच्या प्रयोगात आहे. पण तो बंद पेटीतला प्रयोग होता. २०१९ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की, इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढे काम झाडांकडून करून घ्यावयाचे तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. मग आपण कुठे झोपायचे? त्यापेक्षा खिडकी उघडा.

राहिली बारीक पानांची तक्रार. ही वेल लोंबण्यासाठी जन्मलेली नाही, चढण्यासाठी जन्मलेली आहे. लोंबती ठेवली की पान लहान राहते. आधार मिळाला की मोठे होते. गिरगावातल्या आमच्या जुन्या वाडीत विहिरीजवळच्या माडावर ती चढली होती. वरची पाने सुपाएवढी, कडेला चिरा पडलेली. नव्या बिऱ्हाडकरूंना तो मनीप्लँट आहे हे खरेच वाटत नसे. घरात एवढे होणार नाही, पण कुंडीत काठी रोवून तिला काथ्या गुंडाळा आणि तो ओलसर ठेवा. वेल मुळांनी काथ्या धरील आणि फरक तुम्हालाच दिसेल.

ती वाडी पुढे पाडली. बिऱ्हाडे डोंबिवली, बोरिवली, विरार अशी पांगली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी वेल खाली उतरवली, विळीवर पेरापेराने चिरली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून प्रत्येक बिऱ्हाडाच्या हातात एकेक तुकडा दिला. भांडी-कुंडी बांधण्याच्या धांदलीत कुणी फारसे बोललेही नाही. काकू आता नाहीत. दोन उन्हाळ्यांपूर्वी डोंबिवलीच्या मैत्रिणीची वेल वाळून गेली. ती माझ्याकडे आली आणि माझ्या वेलीचा तुकडा घेऊन गेली. जाताना म्हणाली, "काकूंचीच ना ही?" मी म्हटले, "हो, काकूंचीच."

तेव्हा छाटणीला कचरू नका. छाटल्याने वेल दाट होते आणि देण्यासारखे हाती उरते. मात्र छाटलेले नदीकाठी वा रानात फेकू नका. श्रीलंकेत ही अशीच रानात शिरून तिथल्या झाडांच्या मुळावर उठली आहे. त्यापेक्षा यंदा फराळाचे ताट पोचवाल तेव्हा सोबत एक तुकडा न्या. पुष्कळ दिवसांत जिच्याकडे जाणे झाले नाही तिच्याकडे आधी जा. आणि तुकड्याला दोन पेरे असू द्या. एक कुजले तरी दुसरे धरते.