टेन्शन, सबमिशन आणि लोणावळा

‘योग’ म्हटलं की आपल्या होस्टेलवर हशा पिकतो. पण १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी तिथे प्रयोगशाळाही थाटली होती! नौली करताना पोटातला दाब किती उतरतो, हे त्यांनी चक्क मोजलं. (मेकॅनिकलवाल्यांनो, ऐकताय ना?) शिबिरात ताण उतरतो तो काही जादूने नाही. वेळेवर झोप, साधं जेवण, सावकाश श्वास. यातलं होस्टेलवर काय मिळतं? रात्री दोनपर्यंत जर्नल, सकाळी आठला व्हायवा! आठवडाभर लोणावळ्याला राहून परत याच टाइमटेबलात पडायचं, तर मला तरी त्यात अर्थ वाटत नाही. रेक्टर सर, टीव्ही रूम सकाळी तासभर आसनांसाठी उघडाल का? आणि सगळी सबमिशन्स एकाच आठवड्यात कोंबू नका, हे डिपार्टमेंटला कोण सांगणार?