बंद दारामागचा कलह

मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीनंतर १९ जूनपासून चेन्नईत निर्बंध पुन्हा कडक झाले, तेव्हा गृहविलगीकरण, म्हणजे संसर्गाच्या शंकेमुळे घरातच वेगळे राहणे, ही एकखोली घरांतील कुटुंबांसाठी अशक्यप्राय अट ठरली. रोजगार बुडालेला पुरुष, शाळा बंद झालेली मुले आणि साऱ्यांची उस्तवार एकटीने करणारी स्त्री यांच्यातील भांडणांना केवळ स्वभावदोष म्हणणे अन्यायाचे आहे; त्यामागे उत्पन्नाची अनिश्चितता, जागेची टंचाई आणि घरकामाची जुनी विषम वाटणी होती. माहेरची वाटही बंद होती. छळ करणाऱ्यासमोर फोनवर बोलणे कठीण असल्याने राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल रोजी सुरू केलेला व्हॉट्सॲप क्रमांक उपयुक्त होता, पण स्वतःचा फोन नसलेल्या स्त्रीसाठी तो पुरेसा नव्हता. पुढील साथीच्या आराखड्यात शासनाने रेशन दुकानांवर तक्रार नोंदवण्याची सोय आणि निवारागृहांना अत्यावश्यक सेवेचा दर्जा आताच समाविष्ट करावा.