सायकल चालवा म्हणालात, पण कशी?

आमच्या दवाखान्यात तालुका कचेरीतले एक कारकून नेहमी येतात. वय अठ्ठेचाळीस, सहा वर्षांपासून मधुमेह, पोट सुटलेले. टाच दुखत असल्यामुळे चालण्याचा व्यायाम त्यांना जमत नव्हता. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ''सायकल चालवा. कचेरीत सायकलीने जा, सायकलीने या.'' त्यांनी घरी पडून असलेली मुलाची सायकल बाहेर काढली. तीन आठवड्यांनी ते लंगडत आले. दोन्ही गुडघे वाटीपाशी, पुढच्या बाजूने दुखत होते. मी गुडघे तपासले. सूज नव्हती. वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, ''सायकल तुम्हाला मानवत नाही असं दिसतं. बंद करा.''

गृहस्थ आज्ञाधारक. सायकल बंद झाली. चार महिन्यांनी तपासणी केली तेव्हा उपाशीपोटीची साखर १३० वरून १८५ वर गेली होती. मला गोळ्या वाढवाव्या लागल्या.

पुढे काही महिन्यांनी ते आले ते ताजेतवाने होऊन. पोट कमी झाले होते, साखरही उतरली होती. म्हणाले, ''डॉक्टर, तुमची परवानगी न घेता सायकल पुन्हा सुरू केलीय.'' मी विचारले, ''आणि गुडघे?'' ते हसले. ''अहो, मुलाची सायकल दुरुस्तीला नेली होती. चौकातला पंक्चरवाला म्हणाला, साहेब, बसून दाखवा. बसलो तर म्हणाला, ही पोराच्या उंचीची सीट आहे, तुमचे गुडघे पोटाला लागतायत. पाना लावून त्यानं सीट चार बोटं वर केली. पंधरा दिवसांत गुडघे दुखायचे थांबले.''

मी खजील झालो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ गुडघे तपासणाऱ्या माणसाला जे सुचले नाही, ते पंक्चरवाल्याने एका दृष्टिक्षेपात ओळखले. कारण मी गुडघा पाहिला होता, सायकल पाहिली नव्हती. आणि त्या चुकीची किंमत रोग्याने चार महिन्यांच्या वाढलेल्या साखरेत मोजली.

अडते ते लहान प्रश्नांवर

आम्ही डॉक्टर मंडळी 'व्यायाम करा' एवढे दोन शब्द सांगून मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. शिफारस उत्तमच आहे. परंतु सायकल सुरू करणारा माणूस या आकड्यापाशी अडत नाही. तो अडतो ते बूड दुखते तेव्हा, हाताला मुंग्या येतात तेव्हा, कुत्रे मागे लागते तेव्हा, साडीचा पदर किंवा पँटचा पायचा चेनमध्ये जातो तेव्हा. या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर सायकल चालू राहते. नाही मिळाली तर ती जिन्याखाली जाते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. त्या दिवशी फेऱ्या निघतात, टोप्या वाटल्या जातात, आणि ४ जूनला बऱ्याच सायकली पुन्हा जिन्याखाली जातात. उत्साह कमी पडतो म्हणून नव्हे, तर दुसऱ्या दिवशी विचारायला कुणी नसते म्हणून, असे माझे मत आहे.

ही उत्तरे वैद्यकाच्या पुस्तकात क्वचितच सापडतात. ती रोज सायकल चालवणाऱ्यांकडे असतात. पेपर टाकणारा मुलगा, दूधवाला, पंक्चरवाला आणि पहाटे चौकात जमणारी सायकलवाल्यांची टोळी यांच्याकडे. आपल्यासारख्या गावांतही अशी दहा-वीस जणांची मंडळी दिसतात. त्यांना विचारायला लोक लाजतात. 'पन्नाशीत हे काय विचारायचे' असे वाटते. माझा अनुभव असा, की अशी माणसे विचारण्याचीच वाट पाहत असतात.

तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. ज्या शिकल्या त्यांनी इतरांना शिकवले. तोल कसा सांभाळायचा हे जिने कालच शिकून घेतले, तीच आज दुसरीला चांगले सांगू शकते.

नेहमीचे प्रश्न

अनुभवी सायकलस्वारांकडून मी जे शिकलो, त्याला वैद्यकाची जोड देऊन थोडे सांगतो.

पहिला प्रश्न सीटच्या उंचीचा. भिंतीला धरून सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पॅडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि तेच हवे. सीट खाली असेल तर गुडघा दर फेरीला जास्त वाकतो, वाटीवर दाब येतो आणि पुढून दुखते. सीट फार उंच असेल तर पाय ताणून गुडघ्याच्या मागे दुखते आणि कंबर डावी-उजवीकडे डोलते. सीट वर घेताना एक सांभाळा. तिच्या दांडीवर मर्यादेची खूण असेल तर ती बाहेर दिसता कामा नये, नाहीतर दांडी वाकते किंवा निसटते.

दुसरा प्रश्न बूड दुखण्याचा. पहिले आठ-दहा दिवस थोडे दुखणारच. परंतु जांघेच्या मध्यभागी बधिरपणा येणे ही सवयीची बाब नव्हे. तिथल्या नसेवर दाब येत असतो. बहुधा सीटचे टोक वर उचललेले असते. ते सपाट करा, अधूनमधून पॅडलवर उभे राहा. फार मऊ, गुबगुबीत सीट बरी असे वाटते, पण लांब अंतराला माणूस तिच्यात रुततो आणि दाब वाढतो.

तिसरा, हाताच्या मुंग्या. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या कडेची नस मुठीवर दाबली जात आहे असे समजा. कोपर किंचित वाकवा, मनगट सरळ ठेवा, पकड सैल करा, हाताची जागा बदलत राहा.

चौथा, दम लागण्याचा. गिअरची सायकल असेल तर नवशिके जड गिअर लावून जोर काढतात आणि त्यातच व्यायाम झाला असे समजतात. हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवणे गुडघ्याला सोसते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढाच दम लागावा. चाकात हवा किती भरावी तो आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो. त्यापेक्षा हवा फार कमी असली की माणूस उगाच थकतो.

पाचवा प्रश्न बायका हळूच विचारतात. सायकलीने गर्भाशय खाली सरकते का? नाही. अवघड बाळंतपणे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची अशक्तता, जुनाट खोकला, जड ओझी ही त्याची कारणे आहेत. मात्र आधीच अंग बाहेर येत असेल तर तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट. सायकलीवर शरीराचा भार सीट पेलते. त्यामुळे गुडघ्यांना आराम मिळतो खरा, पण हाडे बळकट होण्यास तेवढी मदत होत नाही. चाळिशीनंतरच्या स्त्रियांनी सायकलीबरोबर थोडे चालणेही ठेवावे.

हे मात्र डॉक्टरांनाच

आता नाण्याची दुसरी बाजू. गेल्या वर्षी एक दुकानदार, वय पंचावन्न, अशाच एका मंडळात जाऊ लागले. चढावर त्यांच्या छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटे, जबडा जड होई, थांबले की बरे वाटे. सोबती म्हणाले, ''गॅस आहे. ओवा खा. सवय झाली की जाईल.'' त्यांनी दोन आठवडे ओवा खाल्ला. मंडळातल्याच एका निवृत्त गुरुजींना शंका आली आणि ते त्यांना हाताला धरून माझ्याकडे घेऊन आले. विश्रांतीतला ईसीजी व्यवस्थित होता. अशा दुखण्यात तो तसा असू शकतो, म्हणून मी त्यावर विसंबलो नाही. शहरात पाठवले. हृदयाची एक रोहिणी बरीचशी अरुंद झालेली निघाली. स्टेंट बसवला. हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आता ते पुन्हा त्याच मंडळाबरोबर सायकल चालवतात.

सोबती वाईट नव्हते. त्यांनी प्रेमानेच सांगितले. परंतु सीटचे उत्तर देणारा माणूस छातीचेही उत्तर देऊ शकेल, असे मानणे घातक आहे. श्रमाने येणारा आणि थांबल्यावर जाणारा छातीतला, जबड्यातला वा हातातला दाब हा सायकलवाल्यांचा प्रश्न नव्हे. थांबूनही तो गेला नाही, तर एक मिनिट न दवडता रुग्णालय गाठावे. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, फिट येण्याचा पूर्वेतिहास, सुजलेला किंवा अडकणारा गुडघा, चार-आठ दिवसांत न जाणारा बधिरपणा, हेही डॉक्टरांनाच दाखवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस डोक्यावर पडला, तर जखम दिसत नसली तरी थेट रुग्णालयात न्यावा.

मधुमेह्यांनी विशेष लक्ष द्यावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर सायकल सुरू करण्यापूर्वी विचारा, मात्रा बदलावी लागू शकते. घाम, थरथर, धडधड ही साखर उतरल्याची लक्षणे सायकलीवर श्रमाची वाटतात आणि तिथेच फसगत होते. खिशात साखरेची पुडी असू द्या. शंका आली की थांबा, तीन चमचे साखर खा, पंधरा मिनिटे बसा. बरे वाटले नाही तर पुन्हा खा आणि एकट्याने पुढे जाऊ नका.

दोघांचेही काम

सायकल मंडळांना माझी विनंती आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी वेगाची ईर्ष्या दाखवू नका. त्याची सीट पाहा, ब्रेक पाहा, हेल्मेट आणि मागचा दिवा आहे का ते पाहा, आणि काही आजार आहे का ते आपुलकीने विचारा. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. गुडघा दुखतो म्हणून सायकल बंद करण्यापूर्वी रोग्याला म्हणा, ''सायकल घेऊन या, बसून दाखवा.'' हल्ली मी तसेच करतो. दवाखान्याच्या दारात सायकलीवर बसलेला रोगी पाहून येणारे-जाणारे हसतात. हसू देत.

ते कारकून आता रोज येता-जाता मिळून आठ किलोमीटर सायकल चालवतात. गेल्या महिन्यात त्यांनी एका शेजाऱ्याला माझ्याकडे पाठवले. त्याचा गुडघा दुखत होता. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, ''सीट वर करून झालीय डॉक्टर. तरी दुखतोय, म्हणून आलो.''

प्रश्न योग्य क्रमाने, योग्य माणसापर्यंत आला होता.