सिंक कोणाच्या उंचीचं?

गेल्या महिन्यात आमच्या घरी स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं. घर पस्तीसेक वर्षांपूर्वीचं. दादाने कंत्राटदार गाठला, वहिनीने टाइल्स निवडल्या, आणि "सिंकचं तेवढं तू बघ" म्हणून उरलेलं काम माझ्याकडे आलं. सिंकवर लेख कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. दुकानात जाईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

दुकानदार भावाची बोलणी दादाशी करत होता आणि चकाकीची माझ्याशी. "मॅडम, हे बघा, दहा इंच खोल, कितीही भांडी टाका, बाहेरून दिसणार नाहीत." न दिसणं हा सिंकचा सगळ्यात मोठा गुण, हे मला तिथे कळलं. भांडी घासणार कोण आणि तिची उंची किती, हे मात्र त्याने विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचार केला नव्हता. गेली दहा-बारा वर्षं वस्त्यांमध्ये बचतगटांच्या बैठकांतून घरकामाच्या श्रमावर बोलते आहे, पण स्वतःच्या घरातल्या मोरीचं माप कधी घेतलं नव्हतं.

आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला आवडेल ते घ्या की ताई, मला काय." हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. जिला आजवर कोणी विचारलेलं नाही, ती पहिल्याच फटक्यात मत देत नाही. म्हणून मी टेप काढली. मावशी चार फूट दहा इंच. त्या सरळ उभ्या राहून हात सैल सोडतात तेव्हा तळवा जमिनीपासून पंचवीस इंचांवर येतो. आमचा जुना ओटा बत्तीस इंचांचा. त्यात दहा इंचांचं सिंक बसवलं की तळ येणार बावीस इंचांवर. म्हणजे तळाशी पडलेला प्रत्येक चमचा उचलायला कमरेतून वाकायचं. आणि मावशींची अशी पाच घरं आहेत.

सगळे ओट्याची उंची मोजतात, पण भांडी घासणारीचं काम ओट्यावर नसतं, सिंकच्या तळाशी असतं, ही साधी गोष्ट गवंड्याच्या, दुकानदाराच्या, आपल्याही लक्षात येत नाही. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. म्हणून ओटे ठेंगणे बांधतात, आणि त्याच ठेंगण्या ओट्यात खोल सिंक बसवतात. मग पाठ दुखते, आणि डॉक्टर सांगतात वजन कमी करा.

मी ठरवलं ते असं. सिंकच्या बाजूचा ओट्याचा तुकडा दोन इंच चढवून चौतीस करायचा आणि सिंक आठ इंचच खोल घ्यायचं. तळ येतो सव्वीसवर. ते ग्रॅनाइटच्या खालून बसवलं की दगडाच्या जाडीने पाऊण इंच खाली जातं. म्हणजे मावशींच्या तळव्याशी बरोबर. कंत्राटदार म्हणाला, ओट्याला पायरी दिसेल. दिसू दे.

लांबी-रुंदी ठरवायला माळ्यावरची पितळी परात खाली काढली, कुकर आणि मोठी कढईही. परात वीस इंचांची. दोन भांड्यांचं जोडसिंक दुकानात ऐटदार दिसतं, पण त्यातल्या एकाही खणात ही परात आडवी बसत नाही. ती तिरकी धरून घासायची, नाहीतर उचलून बाल्कनीत न्यायची आणि तिथे उकिडवं बसायचं. चोवीस बाय अठराचा एकच खण घेतला तर तीही अंगठ्याएवढी कमी पडते, पण एक कड टेकवून फिरवता येते. कोपरे मात्र गोल हवेत. हल्ली काटकोनी कोपऱ्यांची फॅशन आहे. त्यात खरकटं अडकतं आणि ते बोटाने काढावं लागतं. ते बोट फॅशन ठरवणाऱ्याचं नसतं.

आता कशाचं घ्यायचं हा प्रश्न. आईला कडप्पाच हवा होता, पूर्वीच्या घरी होता म्हणून. कडप्प्यावर पितळ आपटलं तरी चिंता नसते हे खरं, पण तो चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबू-चिंचेने त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो आणि फरश्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतं. पांढरं सिरॅमिक देखणं, पण जड भांडं पडलं की टवका उडतो, आणि मग तो कोणाच्या हातून उडाला याची चौकशी होते. क्वार्ट्झचं काळं सिंक वहिनीला आवडलं होतं. आमच्याकडे पाणी जड, त्याचे पांढरे डाग काळ्यावर उठून दिसणार, आणि ते रोज पुसण्याचं एक नवं काम कोणाच्या तरी वाट्याला येणार. वहिनीनेच मग नाद सोडला.

उरलं स्टील. ३०४ नंबरचं मागा, त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. दुकानदार लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे अस्सल" असं दाखवतो, त्यावर जाऊ नका. २०२ नंबरचं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि गंजायला ते लवकर लागतं. बिलावर नंबर लिहून घ्या. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हेही उलटं वाटणारं गणित. अठरा गेज घरगुती वापराला पुरतं. स्टीलचा आवाज होतो, म्हणून खालून रबराचे पॅड लावलेलं बघा. आणि संडासाचं अ‍ॅसिड त्यावर ओतू नका, डाग पडतात.

एका गोष्टीवर घरात खरं भांडण झालं. कंत्राटदाराच्या नकाशात सिंक कोपऱ्यात होतं, जिथे एकच माणूस उभं राहू शकतं. मी म्हटलं, मधे घ्या, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडा. एकीने घासावं, दुसऱ्याने विसळावं. दादा म्हणाला, "दुसरा कोण?" १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, बायकांची पावलं आणि वेळ मोजून. पुढे स्त्रीवाद्यांनी त्यावर टीका केली की त्या चिंचोळ्या खोलीत एकच बाई मावते, आणि ती एकटीच अडकते. कोपऱ्यातलं सिंक तेच करतं. २०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८, आणि तीही जे करतात त्यांचीच. दादाला हे आकडे सांगितले. त्याने जागेचा प्रश्न काढला, म्हणून पाण्याच्या फिल्टरची जागा हलवली. आता तरी जागा नाही असं म्हणता येणार नाही.

मावशींना शेवटी दुकानात नेलं. सुरुवातीला त्या संकोचल्या, मग दोन-तीन सिंकांपुढे उभ्या राहून खरंच हात घालून पाहिले. एकाजवळ थांबून म्हणाल्या, "ह्याची जाळी हाताने निघत न्हाई ताई, दुसऱ्या घरी असंच आहे, चमच्याने उचकटावी लागते." आम्ही कोणीच ते पाहिलं नव्हतं. हाताने निघणाऱ्या खोल जाळीचं घेतलं. सोमवारी प्लंबर येणार आहे, मावशी तेव्हा घरी असतील अशी वेळ ठरवली आहे, नळाची उंचीही त्यांच्यासमोरच ठरेल. तेवढ्या वेळाचे पैसे त्यांना वेगळे द्यायचे, हे दादाला आधीच सांगून ठेवलं आहे.